लिफ्टचं माप

त्रिमूर्तीनगरात आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर
खडूनं एक चौकोन आखलाय मी,
दहा मीटर रुंद, चौदा लांब.
सेक्रेटरी गेडाम वर आले, कमरेवर हात,
"काय जी, बॅडमिंटन काय?"
लिफ्ट आहे, म्हटलं.
"कुठं जाते?"
खाली. हँगरात.
गेडाम हळूच जिना उतरले.

एप्रिल. चव्वेचाळीस अंश.
झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहिलं
तर कुठल्याही बाजूचा समुद्र सारखाच परका.
कूलरच्या टाकीत हलतं
तेवढंच इथलं खोल पाणी.
पण बावीस वर्षं मी डेकवर होतो,
पोलादी दोरांवर हात फिरवत.
अजून कुणाशी हात मिळवला
की तळव्याला तुटकी तार शोधायची सवय.

समितीचं पत्र आलंय दिल्लीहून.
पुढच्या पिढीचं विमान निवडायचंय, नौदलासाठी,
पुढची चाळीस वर्षं पुरेल असं.
मी अडुसष्ट.
अनुभवी तंत्रज्ञांचं मत मागवलंय, एका पानात.

सोबत तीन फायली. गुळगुळीत कागद.
सगळी विमानं मावळतीला चमकतात
आणि एकाही चित्रात माणूस नाही.
मग चाकाखाली ठोकळा कोण लावतं?

पहिल्याचे पंख मिटले तरी
माझ्या चौकोनाबाहेर वीतभर उरतात.
"तिरपं करून घेता येतं," असं लिहिलंय खाली, बारीक अक्षरात.
घेता येतं की.
आम्हीही गोदरेजचं कपाट तिरपं करूनच चढवलं तिसऱ्या मजल्यावर.
पण जिना डोलत नव्हता.

दुसरं रडारला दिसत नाही म्हणे.
त्याच्या कातडीला थंड, कोरडी खोली लागते.
मीठ चालत नाही.
समुद्रावर.

तिसरं आपलं. अजून कागदावर.
चौकोनात नीट बसतं;
कागदाचं सगळंच बसतं.
तरी त्या फाइलवरून हात निघत नाही माझा.

पुतणी शलाका मिहानमधून शिफ्ट करून आली.
दिवसभर परक्या विमानांच्या दारांना भोकं पाडते,
केसाइतकी चूक झाली तरी अख्खं दार भंगारात.
चपला काढून चौकोनात उभी राहिली.
"काका, हूक कुठं असतो?"
मी माकडहाडावर हात ठेवून दाखवला.
हसली. मग हसायची थांबली.

कुरियाकोस. लेफ्टनंट. सव्वीस वर्षांचा.
चंद्र नव्हता, जहाज लोळत होतं.
पहिल्यांदा हूक दोरांवरून उडाला. दुसऱ्यांदाही.
तेल उरलं एका फेरीपुरतं,
आणि तीन नंबरच्या दोरात मला तीन तारा तुटलेल्या लागल्या.
बदलायला अकरा मिनिटं लागतात.
आमच्याकडे आठ होती.
ती आठ मिनिटं कशी गेली ते
मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

त्यानं तीन नंबरच पकडला.
उतरला, डेकच्या कडेला जाऊन ओकला,
मग मला विचारलं, "किती वाजले?"
दोघांनीही घड्याळ पाहिलं नाही.

शलाका म्हणाली, "विमान कोणतं होतं?"
सांगितलं.
त्याचं माहितीपत्रकही असंच असणार,
मावळतीला चमकणारं.

पत्राला उत्तर लिहायला बसलो.
इंजिनं एक की दोन, नाक किती उंच,
पल्ला किती, किंमत किती,
हे सगळं हुशार लोक बघतीलच.
मी एवढंच लिहिलं:
अंधारात, लोळत्या डेकवर, तिसऱ्या खेपेला
हे विमान पोराच्या किती चुका पोटात घालतं?
ज्याचा विक्रेता याचं उत्तर द्यायला वेळ घेईल
त्याच्याशी पुढं बोला.
खाली सही. जुना नंबर सवयीनं लिहिला, मग खोडला.

संध्याकाळी गेडामांचा नातू चौकोनात येऊन बसला,
गुडघे छातीशी घेऊन.
सोनेगावकडे एक विमान उतरत होतं, लांबलचक धावपट्टीवर,
निवांत.
"आजोबा, चालली का लिफ्ट खाली?"
थांब बाप्पा, म्हटलं.
कोपर आत घे आधी.